अडल्या शेजाऱ्यास कर्ज आणि नाममात्र खरेदीखत

कर्ज काढणाऱ्यास उपदेश करणारे लेख या मासिकातून पुष्कळ येतात, व ते यावयासच पाहिजेत. परंतु कर्ज देणाऱ्यासही दोन शब्द सांगावेत, असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. आपल्या सभासदांत बागायतदार आहेत, हंगामास उसाचे बिल हाती येणारे आहेत, मुलगा नोकरीस असल्यामुळे घरात चार पैसे शिल्लक राहणारे आहेत. गावात कोणाच्या घरास लिलावाची नोटीस लागली म्हणजे तो मनुष्य प्रथम अशाच एखाद्या सभासदाच्या ओसरीवर येऊन बसतो. त्या वेळी ओसरीवर जे ठरते, त्यावर एका कुटुंबाचे पुढील वीस-पंचवीस वर्षांचे बरेवाईट अवलंबून असते. सबब हा लेख ओसरीच्या धन्यास उद्देशून आहे. सांगावयाचे ते एकच. अडल्या शेजाऱ्यास पैसे अवश्य द्यावे, पण त्याबद्दल खरेदीखत लिहून घेऊ नये. व्यवहार कर्जाचा आहे, तर कागदही कर्जाचाच करावा.

सध्या हा व्यवहार कसा होतो ते बहुतेकांस ठाऊक आहे. एखाद्याने गोठ्यासाठी, विहिरीसाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी बँकेचे कर्ज घेतलेले असते आणि गावठाणातील राहते घर तारण दिलेले असते. दोन हंगाम बुडतात, हप्ते थकतात, नोटीस येते. बँक आता थांबणार नाही आणि दुसरी बँक दारात उभी करणार नाही, अशा वेळी गावातील एखादा ऐपतदार गृहस्थ म्हणतो, ''पैसे देतो. फक्त विश्वासाकरिता दोन एकरांचे खरेदीखत करून दे. तीन वर्षांत पैसे आण, जमीन तुझी तुला परत.'' दुय्यम निबंधकापुढे सह्या होतात. कागदावर कर्ज, मुदत, व्याज यांतले काहीच नसते; जमीन कायमची विकली, किंमत भरून पावली, ताबा दिला, एवढेच असते. परतीचे वचन तोंडी राहते, फार झाले तर मुद्रांकावरील एखाद्या निराळ्या, न नोंदविलेल्या चिठोऱ्यात राहते.

पैसे देणारा लबाड असला तर पुढे काय होते हे सांगावयास नको. मला जे सांगावयाचे आहे ते पैसे देणारा सज्जन असला तरी काय होते, हे आहे. महसूल खात्यात असताना असे एक प्रकरण माझ्या हाताखालून गेले. वर लिहिल्याप्रमाणेच पाच लाख रुपये देऊन एका वजनदार व खरोखरच सच्छील गृहस्थाने शेजाऱ्याचे घर लिलावातून सोडविले होते आणि दोन एकर बागायतीचे खरेदीखत करून घेतले होते. फेरफाराची नोटीस निघाली तेव्हा तो शेतकरी दुसऱ्या कामास कचेरीत आला असता मला म्हणाला, ''भाऊसाहेब, नोटीस आली आहे. काही करावे लागते काय?'' मी विचारले, ''खरेदी दिली ना?'' तो म्हणाला, ''दिली, पण कागदापुरती.'' तेव्हा मी त्यास एवढेच सांगितले की, हरकत नसेल तर काही करावयास नको. पंधरा दिवसांची मुदत गेली, नोंद प्रमाणित झाली, सात-बारा फिरला.

दुसऱ्या वर्षी ते गृहस्थ वारले. वारसनोंदीने त्यांच्या मुलांची नावे लागली. तिसऱ्या वर्षी शेतकरी मुद्दल व व्याज घेऊन त्या घरी गेला, तेव्हा मुले म्हणाली, ''वडिलांनी आम्हांस असे काही सांगितले नव्हते. जमीन वडिलांची आहे, उताऱ्यावर आमची नावे आहेत.'' मुले खोटे बोलत नव्हती, व शेतकरीही खोटे बोलत नव्हता. शब्द देणारा सरणावर गेला, कागद कचेरीत राहिला. मी निवृत्त झालो तेव्हा तो दावा दिवाणी न्यायालयात चालूच होता. ''व्यवहार कर्जाचा आहे'' असे त्याने मुदतीत लिहून दिले असते, तर त्यामुळे खरेदीखत रद्द झाले नसते हे खरे. पण त्या वेळचा एक सरकारी कागद तरी त्याच्या बाजूने बोलला असता. ते मला ठाऊक होते आणि मी ते त्यास सांगितले नाही. हा लेख लिहिण्याचे एक कारण तेही आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात शर्तीच्या खरेदीने होणारे गहाण, म्हणजे आपल्याकडील मुदतखरेदी, मान्य केलेले आहे. परंतु १९२९ साली त्यात एक दुरुस्ती झाली. परतीची शर्त ज्या दस्तऐवजाने खरेदी होते त्याच दस्तऐवजात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण समजला जाणार नाही. म्हणजे ओसरीवरचे वचन किंवा निराळा करार यांच्या आधारे खरेदीखतास गहाणखत म्हणता येत नाही. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. एक वाट मात्र उघडी आहे. दस्तात लिहिलेला व्यवहार मुळातच करावयाचा नव्हता, तो केवळ देखाव्याचा होता, हे तोंडी पुराव्याने दाखविता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एका घरावरील दोन हजार रुपयांच्या व्यवहारात १९८१ साली दिला. पण त्या वाटेने जाणाऱ्यास सर्व न्यायालये चढावी लागतात. ज्याच्याजवळ बँकेचा हप्ता भरावयास पैसा नव्हता, त्यास ते परवडेल काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

हा रोग नवा नाही. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली, व तेथून पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव दंगे पसरले. त्या दंग्यांत माणसांस मारण्यापेक्षा कागद जाळण्यावरच लोकांचा कटाक्ष होता. रोखे व हुकूमनामे हाती आले की ते पेटवीत. आपली जमीन नांगराने किंवा तलवारीने नव्हे तर कागदाने गेली, हे त्या अडाणी समजल्या गेलेल्या लोकांस पुरते कळले होते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला व तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांस लागू झाला. कुळाने रोख्यावर सही केली असली तरी व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास न्यायाधीशाने तपासावा व हिशेब नव्याने मांडावा, हे त्या कायद्याचे मर्म होते.

यावर सावकारांनी काय केले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कायदा गहाणाचा हिशेब तपासू लागला, तेव्हा त्यांनी गहाणखते सोडून उघड खरेदीखते लिहून घेण्यास आरंभ केला आणि परतीचे वचन तोंडी ठेविले. अखेर कायद्यात भर घालून, खरेदीखताच्या आड कर्ज आहे काय हे तोंडी पुराव्याने पाहण्याची मोकळीक न्यायालयास द्यावी लागली. आज तो कायदा राहिला नाही. सावकारांनी काढलेली युक्ती मात्र राहिली. आणि दुःखाची गोष्ट ही की, ती आता आपल्यापैकी सावकार नसलेले लोकही, काही वाईट करीत आहोत असे मनात न आणता, वापरतात.

सज्जन मनुष्य खरेदीखत का मागतो, याची तीन कारणे सांगितली जातात. पहिले असे की, पैसे बुडू नयेत. परंतु त्यास नोंदणीकृत गहाणखत पुरेसे आहे. साध्या वचनचिठ्ठीवर तीन वर्षांत दावा करावा लागतो, तर गहाणखतावर पैसे देय झाल्यापासून बारा वर्षांची मुदत आहे. जमीन कोणासही विकली तरी नोंदलेले गहाण जमिनीबरोबर जाते, आणि सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा चढला की दुसरा कोणी डोळे झाकून ती घेत नाही. दुसरे कारण, खरेदीखत सोपे पडते. हेही खरे नव्हे. खरेदीस बाजारमूल्यावर मुद्रांक लागतो, आणि जमीन परत देतेवेळी त्या वेळच्या मूल्यावर तो पुन्हा लागतो. सचोटीने परत द्यावयाची म्हटली तरी हा दुहेरी भुर्दंड शेवटी अडलेल्याच्याच डोक्यावर बसतो.

तिसरे कारण सावकारीच्या कायद्याचे भय. कर्जाचा कागद केला तर आपणास अवैध सावकार ठरवितील, त्यापेक्षा खरेदी बरी, असे पुष्कळजण म्हणतात. येथे २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम नीट समजून घेतला पाहिजे. परवान्यावाचून सावकारीचा धंदा करणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे, व त्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पण निषेध आहे तो धंद्याचा. एका शेजाऱ्यास एका प्रसंगी दिलेले कर्ज म्हणजे धंदा नव्हे. त्यात सातत्य व पुनरावृत्ती असावी लागते, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. जो दर हंगामास पाच-दहा जणांस व्याजाने पैसे देतो त्याने परवाना घ्यावा. त्याची गणना सज्जन शेजाऱ्यांत करण्याचे कारण नाही. उलट, भिऊन खरेदीखत करणाराच अधिक संशयास पात्र होतो. कारण सावकारीच्या ओघात तारण म्हणून घेतलेली स्थावर मिळकत, कागद खरेदीचा असला तरी, चौकशीअंती कर्जदारास परत देवविण्याचा अधिकार याच अधिनियमाच्या कलम १८ ने जिल्हा निबंधकांस दिला आहे.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. अट्टल अवैध सावकाराकडे गेलेल्या मनुष्यास निदान जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. पण एकाच प्रसंगी पैसे देणाऱ्या शेजाऱ्यावर ज्याने विश्वास ठेविला त्यास ती वाट नाही, कारण शेजाऱ्याचा तो धंदाच नव्हे. म्हणजे चांगल्या माणसाकडून घेतलेल्या कर्जात कागद वाईट झाला तर कर्जदार अधिकच उघडा पडतो. म्हणून चांगल्या माणसावरील जबाबदारी कमी नसून जास्त आहे.

याच युक्तीचा बंदोबस्त परदेशात कसा झाला त्याचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे. अमेरिकेत कर्ज थकून घर लिलावास लागले की, ''घर माझ्या नावे कर, तू भाडेकरू म्हणून राहा, मग परत घे'' असे सांगणारे लोक दारी येत. आपल्या १८७९ च्या कायद्यास बरोबर शंभर वर्षे झाली त्या १९७९ साली कॅलिफोर्निया राज्याने यासाठी कायदा केला. लिलावास लागलेले राहते घर विकणाऱ्यास पाच कामकाजाच्या दिवसांत तो सौदा मोडता येतो. त्याआधीच लिलाव ठरला असेल तर लिलावाच्या दिवशी सकाळी आठ वाजेपर्यंत मोडता येतो. आणि मुख्य म्हणजे, खरेदी घेणाऱ्याने घर परत विकत घेण्याची मुभा विकणाऱ्यास दिली असेल, तर तो व्यवहार कर्जाचा व तो दस्त गहाणाचा आहे असेच कायदा प्रथम धरून चालतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार खरेदी घेणाऱ्यावर पडतो. आपल्याकडे तो भार अडलेल्यावर आहे. आपल्या विधिमंडळाने हे उलटे केले पाहिजे. लिलावाची नोटीस निघालेल्या मनुष्याने परतीच्या वचनावर केलेली खरेदी, ती कोणाच्याही नावे असो, कर्ज समजली जावी, अशी मागणी आपल्या संघाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा होईल तेव्हा होवो. तोपर्यंत ओसरीच्या धन्याने करावयाच्या गोष्टी येणेप्रमाणे आहेत.

प्रथम नोटीस मागून वाचावी. २००२ च्या ज्या कायद्याने, म्हणजे सरफेसी कायद्याने, बँका न्यायालयात न जाता तारण विकतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. पण गावठाणातील घर किंवा बिगरशेती भूखंड वगळलेला नाही. तो कायदा सहकारी बँकांसही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. त्यात प्रथम साठ दिवसांची मागणीची नोटीस येते. येणे रक्कम भरून तारण सोडविण्याचा हक्क, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. म्हणून शेजारी पहिल्या नोटिशीसरशी आला तर त्यास पुढल्या महिन्यात ये म्हणू नये. जमीन महसुलाच्या थकबाकीची विक्री असेल तर विक्रीपासून तीस दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी किमतीच्या शेकडा पाच रक्कम भरून ती रद्द करविता येते. आणि उसनवारीच्या साध्या पैशाचा हुकूमनामा असेल, तर शेतकऱ्याचे स्वतःचे राहते घर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे जप्तच होत नाही. ते त्याने आपण होऊन गहाण दिलेले नसावे एवढेच. जी जप्ती होऊ शकत नाही तिच्या भयाने जमीन लिहून देणारे मी पाहिले आहेत.

दुसरे, पैसे शेजाऱ्याच्या हाती न देता बँकेत त्याच्या कर्जखाती भरावेत, बेबाकी दाखला घ्यावा व जुना बोजा उतरवून घ्यावा.

तिसरे, नजरगहाणाचा नोंदणीकृत दस्त करावा. ताबा शेजाऱ्याकडेच ठेवावा, म्हणजे तो पिकवील व फेडील. मुद्दल, व्याज, मुदत व हप्ते स्पष्ट लिहावेत. व्याज किती घ्यावे याचा प्रश्न पडेल, तर शासनाने २०१४ साली परवानाधारक सावकारांसाठी शेतकऱ्यांच्या तारणी कर्जावर वर्षाला शेकडा नऊ व विनातारण कर्जावर शेकडा बारा हे दर ठरविले आहेत. पाच लाखांवर नऊ टक्क्यांनी वर्षाचे पंचेचाळीस हजार होतात. दरमहा शेकडा तीनने एक लाख ऐंशी हजार होतात. दोन एकर बागायतीतून खर्च वजा जाता यांपैकी कोणता आकडा निघेल हे वाचकांस मी सांगावे असे नाही. चक्रवाढ घेऊ नये, व व्याज मुद्दलाच्या वर जाऊ देऊ नये. दामदुपटीची मर्यादा आपल्या पूर्वजांनी उगीच घातलेली नव्हती.

चौथे, प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी, आणि मुलांस समोर बसवून व्यवहार सांगावा. वर दिलेल्या हकिकतीत एवढे जरी झाले असते तरी दोन घरे न्यायालयात गेली नसती.

पाचवी गोष्ट सांगावयास कठीण आहे, तरी सांगितली पाहिजे. शेजाऱ्याचे उत्पन्न पाहून कर्ज फिटण्यासारखे नाही असे दिसले, तर कर्ज देऊच नये. जे फिटणार नाही ते कर्ज देणे म्हणजे त्याचे घर आज बँकेकडून सोडवून उद्या त्याची जमीन आपण घेणे होय. अशा वेळी त्यास स्वच्छ सांगावे की, एक एकर उघड बाजारात पूर्ण भावाने वीक, बँकेचे भाग आणि उरलेले सांभाळ. गिऱ्हाईक शोधण्यास मदत करावी. स्वतःस जमीन हवी असेल तर चार माणसांसमक्ष, चालू भावाने, परतीची भाषा न करता घ्यावी. तीत काही पाप नाही. खरेदी असेल तर खरेदी म्हणावी, कर्ज असेल तर कर्ज म्हणावे. पाप आहे ते एकास दुसऱ्याचे नाव देण्यात.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप करण्यापेक्षा पैसे न देणेच बरे. तसे सर्वांनी ठरविले तर अडलेला मनुष्य कोठे जाईल हे आपणांस माहीत आहे. ज्याच्या ओसरीवर तो विश्वासाने येऊन बसतो, त्याने त्यास रिकाम्या हाताने पाठवू नये व रिकाम्या उताऱ्यानेही पाठवू नये. आज ज्याचा सात-बारा भरलेला आहे त्याच्या नातवावर हीच पाळी येणार नाही असे कोणी छातीठोकपणे सांगावे! त्या दिवशी त्या नातवासही कोणी गहाणखत पुढे करणारा शेजारी भेटो, एवढे मनात आणून आजचा कागद लिहावा.